हुपरीकर सर सिरीयस आहेत

"हॅलो, मी विभागातनं केतकी बोलतेय. तू सध्या काय करतोस?"

पलीकडनं फोन कट.

"हॅलो, मी विभागातनं केतकी. तू सध्या..."

कट.

मी समोर पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माझी नात खुर्चीत पाय वर घेऊन फोन कानाला लावून बसलेली. सकाळपासनं इतक्या जणांनी तिचा फोन तोडला होता की दुसरी एखादी असती तर रडली असती. ही रडत नव्हती. नखं खात होती, आणि मधेमधे माझ्या शेंगा.

"अगं, असं थेट विचारतात होय कुणाला?" मी म्हणलं. "बाईला वय आणि शिकलेल्या पोराला नोकरी, हे तोंडावर विचारायचं नसतंय."

"आज्जी, माझं कामच ते आहे."

ते मात्र खरं. आता तिचं काम काय ते सांगते. मन लावून ऐका, कारण मला स्वतःला ते कळायला बराच काळ गेला. आमच्या रामापूरच्या कॉलेजात तेव्हा एक डिग्री होती, संवाद आणि माहितीशास्त्र. म्हणजे बोलायचं कसं आणि सांगायचं काय. मी म्हणलं होतं, हे आमच्या गल्लीत कुणाला येत नाही? नळावर उभं राहिलं की फुकट शिकवतात. पण केतकीनं हट्टानं ती डिग्री केली, पहिल्या नंबरानं पास झाली, आणि तिला लगेच नोकरीही लागली. कुठं? त्याच विभागात. काम काय? आधी पास झालेल्यांना फोन करायचा आणि विचारायचं, तुम्हाला नोकरी लागली का.

हसू नका. तिलाही हसायला येत नव्हतं. कारण नोकरी कच्ची होती आणि विद्यापीठातनं समिती यायची होती. या डिग्रीनं पोरांचं पुढं काय भलं झालं, ते डोळ्यानं बघायला. कागद चालणार नाहीत, म्हणाले, कागद आम्हीपण करतो. पोरं समोर आणा. पोरं आली तर विभाग राहणार आणि केतकी कायम. नाही आली तर विभागाला कुलूप, आणि केतकी माझ्यासमोर पाटावर, जन्मभर शेंगा फोडायला.

"लागला!" केतकी ओरडली. "इक्बाल, ठेवू नको. मी केतकी. तू सध्या काय करतोस?"

तिनं फोन मोठ्या आवाजात केला, मला ऐकू जावं म्हणून. हा इक्बाल मुजावर तिच्या वर्गातला. लहानपणापासनं आमच्या घरी येऊन थालीपीठ खाणारा.

"काय करतोस म्हणजे? तुला म्हाईत नाही होय? परवा तुझ्या दारावरनंच गेलो की. 'नागरिकांना कळविण्यात येते की उद्या पाणी येणार नाही.' रिक्षा, भोंगा आणि मी."

"मग उद्या कॉलेजात ये आणि हेच सांग."

"कुणाला?"

"समितीला. सर पण असतील."

पलीकडं रिक्षाचं इंजिन तेवढं बोलत होतं.

"नको गं," तो म्हणाला. "समितीचं काय नाही, ती येईल नि जाईल. पण सरांसमोर कुठल्या तोंडानं सांगू? सर मला म्हणायचे, इक्बाल, तुझा आवाज देश ऐकणार. आता आवाज ऐकतंय कोण, तर पाणी न येणारा वॉर्ड."

आणि त्यानंही ठेवला.

तिसऱ्या प्रहरी हुपरीकर सर स्वतः घरी आले. विभाग त्यांनीच सुरू केलेला. भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीचा गोल कपाटावर चढवून त्यांनी तिथं पहिला वर्ग घेतला, असं लोक सांगतात. मी तर सांगते की तो गोल त्यांनी एकट्यानं डोक्यावरनं नेला, पण ते सोडा. उंच, बारीक, सफारी घातलेले, आणि बोलणं असं की चहा मागितला तरी बातम्या लागल्यासारखं वाटावं.

"किती जण येतायत, केतकी?"

"अजून कोणीच नाही, सर."

"इक्बाल काय करतो?"

"रिक्षावर भोंगा लावून फिरतो."

सरांनी डोळे मिटले. "ध्वनिप्रसारण," म्हणाले. "दिग्विजय?"

"फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे, निवडीचे."

"भव्य दृश्यमाध्यम. वैजयंती?"

"लग्नात माईक धरते सर. आता वधूवर स्टेजवर येत आहेत, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये."

"थेट प्रक्षेपण."

मी शेंगा खाली ठेवल्या. एवढी वर्षं मला वाटायचं, गावात थापा मारणारी मी एकटीच. आज माझ्या तोडीचा माणूस चहा प्यायला आला होता. पण केतकीची मान आडवी.

"सर, मी असं सांगणार नाही. जे आहे ते आहे."

"अगं, जे आहे तेच आहे. फक्त इस्त्री केलीय."

"इस्त्री करून भोंग्याचा रेडिओ होत नाही, सर."

मला वाटलं आता सर चिडणार. ते चिडले नाहीत. बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत बसले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पद्माक्का, खरं सांगू? समितीला मी भीत नाही. पण पोरं मला बाजारात बघितलं की गल्ली बदलतात. मी दिसलो की दिग्विजय दुकानाचं शटर निम्मं ओढतो. मी काहीतरी चुकीचं शिकवलं असणार. नाहीतर असा राग धरतात होय माणसं?"

मला माहीत होतं राग नव्हता. इक्बालचं मी ऐकलं होतं. पण मी काही बोलले नाही. खरं बोलून कुणाचं भलं झालेलं मी बघितलेलं नाही.

सर आणि केतकी खुर्च्यांची सोय करायला कॉलेजात गेले, आणि मी माझा बटणांचा फोन घेतला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणूस नुसता सिरीयस होतो. माझे थोरले दीर गेले तेव्हा लांबच्या पाहुण्यांना काय कळवलं? तब्येत जास्त आहे, बघून जावा. आले ते बरोबर हार घेऊनच आले. वाटेत कुणाच्या काळजाला धक्का बसू नये, गाडी चालवताना हात कापू नये, म्हणून ही रीत. सांगणारा तसं सांगतो, ऐकणारा समजून घेतो, आणि उलटं विचारणं हा अडाणीपणा. एवढ्या थोड्या शब्दात एवढं सांगायचं, याला डिग्री लागत नाही.

मी एकच फोन केला. इक्बालला.

"इक्बाल बाळा," मी म्हणलं, आणि जरा थांबले. थांबण्यातच सगळं असतंय. "हुपरीकर सरांची तब्येत... काय सांगू. उद्या सकाळी अकराच्या आत कॉलेजात या. बघून जावा."

"आज्जी? कधी... कसं झालं?"

"हे फोनवर सांगतात होय रे?"

"नाही, नाही. कळलं. कॉलेजातच ठेवणार?"

"सर कॉलेजातच असणार," मी म्हणलं. यात बघा, एक अक्षर खोटं नव्हतं.

"कोण कोण यायचं?"

"तुला कोण कोण आठवतंय ते सगळे," म्हणलं, आणि उरलेल्या शेंगा फोडायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं इरकल नेसून कॉलेजात गेले. केतकीनं सांगितलंच होतं, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून पालक या नात्यानं तू बस. मी तिसऱ्या रांगेत बसले. माझ्याशिवाय दोन शिपाई होते आणि कँटीनवाल्याची सासू.

स्टेजवर समिती. मधे देवस्थळी मॅडम, पुण्याच्या, केस बारीक कापलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या दोन बाजूंना दोन सर. एक पंख्याकडं बघत होते, आणि एक काजूच्या बशीकडं. त्या दोघांची नावं मला अजून माहीत नाहीत, त्यांना एकमेकांची माहीत असतील का शंका.

"तुमचे माजी विद्यार्थी?" मॅडमनी विचारलं.

"येतायत, मॅडम," हुपरीकर सर माईकमधनं म्हणाले. "सगळे आपापल्या माध्यमात व्यस्त असतात."

"कुठल्या माध्यमात?"

सरांनी केतकीकडं बघितलं. केतकीनं सरांकडं. पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं. म्हणलं, पद्मावती, रीत फसली. आजकालच्या पोरांना कुठली रीत.

आणि तेवढ्यात कॉलेजच्या फाटकातनं भोंगा ऐकू आला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." आवाज फुटलेला, पण लांबवर जाणारा. "आमचे लाडके गुरुवर्य, हुपरीकर सर, यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले आहे. अंत्यदर्शन, कॉलेज सभागृह. सर्वांनी..." आणि पुढं हुंदका. तो हुंदका भोंग्यातनं असा घुमला की कॉलेजच्या चिंचेवरचे बगळे उडाले. चार गावं पलीकडं ऐकू गेला म्हणतात. मीच म्हणते.

सर माईक हातात घेऊन उभेच होते. तोंड उघडं. पंख्याकडं बघणारे सर पहिल्यांदा खाली बघायला लागले.

"हे... तुमच्याबद्दल आहे?" मॅडम म्हणाल्या.

एवढं बोलणारा माणूस, पण स्वतःच्या मरणावर काय बोलायचं याचा अभ्यास नव्हता.

मग दारातनं फ्लेक्स आत आला. आधी फ्लेक्स, मागनं दिग्विजय. भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली सरांचा हसरा फोटो, पन्हाळ्याच्या सहलीतला. हातातलं कणीस कापून काढलं होतं, पण खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी पंजा राहिला होता. फ्लेक्समागनं पोरं, पोरी, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. कुणी पांढरं नेसलेलं, कुणी दुकानातनं तसंच उठून आलेलं, एकीच्या हाताला मेंदीच्या कोनाचा रंग, एकाच्या गळ्यात कुरिअरची पिशवी. सगळं सभागृह भरलं, उरलेले खिडक्यांना लागले. केतकी म्हणते साठेक होते. मी म्हणते दोनशे.

वैजयंती सगळ्यात पुढं. डोळ्यांना पदर, पाण्यानं काही दिसत नव्हतं, पण सभा दिसली की तिच्या हाताला माईक लागतो. ती सरळ स्टेजवर चढली, सरांच्या हातातनं माईक काढून घेतला आणि म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा. आपल्या सर्वांना पोरकं करून गेलेल्या सरांसाठी आपण दोन मिनिटं उभं राहून..."

सर बाजूला झाले. फ्लेक्सच्या आड गेले, शिस्तीची सवय.

सगळे उभे राहिले. मॅडम उभ्या राहिल्या, काजूवाले उभे राहिले. सरही उभे राहिले, मान खाली घालून. स्वतःच्या श्रद्धांजलीला एवढ्या मनापासनं उभा राहिलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

मग वैजयंतीनं डोळे पुसले, आणि बाजूला बघितलं.

ती किंकाळी मी शब्दात सांगत नाही. माईक चालू होता एवढंच सांगते. दिग्विजयच्या हातातनं फ्लेक्सचं एक टोक सुटलं, आणि सर, म्हणजे फ्लेक्सवरचे सर, पुढच्या रांगेवर पालथे झाले. पळापळ, आरडाओरडा. इक्बाल दारात उभा, हार तसाच हातात. तोंडातनं एकच, "सर... सर, तुम्ही?"

सरांनी चष्मा नीट केला. सगळ्या जगानं त्यांच्याकडं बघितलं.

"इक्बाल," ते म्हणाले, "आवाज उत्तम लागला होता. पण 'दुःखद' म्हणलं की क्षणभर थांबायचं. किती वेळा सांगितलं होतं."

झालं. इक्बाल जो रडायला लागला. मग कोण रडतंय आणि कोण हसतंय कळेना. पोरं सरांना हात लावून बघत होती. त्या गोंधळात प्रत्येकजण, कुणी न विचारता, सांगत सुटला. सर, मी कुरिअर टाकतो. सर, मी मेंदी काढते, फोटो टाकते, लांबनं लोक बोलावतात. सर, मी आमच्या आमदाराच्या नावानं वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितो, रोज, लोकांना वाटतं आमदारच लिहितो. सर, मी काहीच करत नाही. सर ऐकत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, बरं. बरं, बाळा. बरं.

"शांत बसा!"

देवस्थळी मॅडमचा आवाज. सगळे बसले. ज्यांना खुर्ची नव्हती ते जमिनीवर बसले.

"मला एक सांगा. ही बातमी देण्याआधी तुमच्यापैकी एकानं तरी सरांच्या घरी फोन केला?"

सगळ्यांनी इक्बालकडं बघितलं. शेवटी इक्बाल उठला.

"मॅडम, सरांच्या घरी फोन करून काय विचारायचं? सर, तुम्ही मेलाय का? आणि त्यांनी उचलला असता तर?"

"तर बातमी खोटी ठरली असती!" मॅडम म्हणाल्या. "इतके सगळे संवाद आणि माहितीचे पदवीधर. भोंगा तयार, फ्लेक्स तयार, सूत्रसंचालन तयार. आणि खात्री करणारा एकही नाही? मग तीन वर्षं शिकलात काय?" त्यांनी फाइल मिटली. "हुपरीकर, मला वाईट वाटतं. पण हा विभाग बंद केलेलाच बरा."

सर खुर्चीत बसले, आणि खरोखर सिरीयस दिसायला लागले. मला पहिल्यांदा वाटलं, माझा फोन जरा जास्तच लागला.

तेव्हा केतकी उठली.

"मॅडम, मला थोडा वेळ द्या. ही बातमी कुठनं निघाली, ते मी शोधते."

"आता शोधून काय उपयोग?"

"आत्ताच उपयोग आहे," केतकी म्हणाली, आणि खाली उतरली. ओढणी कमरेला खोचली होती. "दिग्विजय, तुला कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलं."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

"वैजूनं."

"वैजू?"

"मला इक्बालनं फोन केला."

केतकी इक्बालसमोर जाऊन उभी राहिली. त्यानं हार पाठीमागं लपवला, जणू हारच गुन्हेगार.

"तुला?"

इक्बालनं माझ्याकडं बघितलं. मी ओठावर बोट ठेवलं. बरं पोरगं, थालीपिठाला जागलं. म्हणाला, "आता... मोठ्या माणसांचं नाव घेऊन काय करायचं."

"त्या माणसानं 'गेले' असं म्हणलं?"

"नाही."

"मग काय म्हणलं?"

"तब्येत... काय सांगू. बघून जावा."

"आणि तू एवढ्यावर वॉर्डाला सांगितलंस?"

"केतकी, अगं 'बघून जावा' म्हणल्यावर राहतं काय मागं? तुझ्या घरी असा फोन आला तर तू काय करशील?"

"विचारीन. फोन दाखव."

त्यानं खिशातनं फोन काढला, अगदी नाइलाजानं. तिनं नंबर बघितला.

तिचा चेहरा मी ओळखते. लहानपणी पडली तर आधी गुडघा बघायची, मग माझ्याकडं, आणि मग ठरवायची रडायचं का नाही. तसंच तिनं नंबर बघितला, आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या मनात एकदम चार गोष्टी तयार झाल्या. फोन चोरीला गेला. फोनवर भलताच माणूस होता. हुबळीचा एक हुपरीकर नावाचा दुसरा मास्तर खरंच गेला. कुठलीही चालली असती, तिनं नुसती मान हलवायची होती. घरची अब्रू, तिची नोकरी, सगळं त्या मानेवर होतं.

"सापडलं?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम." केतकीनं इक्बालचा फोन त्याच्या हातात परत ठेवला. "बातमी माझ्या आज्जीनं पसरवली. पद्मावती बिरनाळे. तिसऱ्या रांगेत बसलीय, हिरवं इरकल नेसून."

सगळ्या माना वळल्या. कँटीनवाल्याची सासू एक खुर्ची सरकून बसली.

आता तुम्हाला वाटेल मला राग आला. छाती भरून आली माझी! भर सभेत स्वतःच्या आज्जीला पकडून दिलं पोरीनं, नोकरी जाईल हे माहीत असून. आमच्या घराण्यात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

मी उठून उभी राहिले.

"आज्जी, हे खरं?" मॅडम म्हणाल्या.

"खरं."

"तुम्ही असं का केलंत?"

एवढ्यात एखादी गोष्ट रचता आली असती. पण पोरीनं वाटच बंद केली होती.

"बाई," मी म्हणलं, "पोरं येत नव्हती म्हणून केलं. समितीला बघायला कोण येणार, आणि सरांसमोर तर कुणीच येईना. सरांना वाटतंय पोरं रागावलीत. पोरं रागावली नाहीत, लाजतायत. सर भेटले की काय विचारणार? सध्या काय करतोस. त्या एका प्रश्नाला भिऊन ही अख्खी पलटण गल्ल्या बदलतीय. मी म्हणलं, मेलेल्या सरांकडं ही येतील. मेलेला माणूस काही विचारत नाही."

सरांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, तो सापडला नाही, मग दिग्विजयनं उठून फ्लेक्स पुसायचं फडकं दिलं. सरांनी त्यानंच डोळे पुसले.

"शटर त्याच्यासाठी ओढायचास होय रे?" त्यांनी विचारलं.

दिग्विजयनं मान हलवली.

"गाढवा," सर म्हणाले. एवढंच.

मॅडमनी दोन्ही बाजूंच्या सरांकडं बघितलं. पंख्यावाले म्हणाले, "उपस्थिती मात्र उल्लेखनीय आहे." काजूवाले म्हणाले, "आणि सगळे कार्यरत दिसतायत." मॅडमनी फाइल उघडली. "आणि एक पदवीधर," त्या म्हणाल्या, "खात्री करणारी निघाली. एक पुरे आहे. आमच्याकडं तेवढीही नाही." आणि त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली, वर केतकीकडं बघून पहिल्यांदा हसल्या.

विभाग राहिला. इक्बालनं आणलेला हार शेवटी सरांच्याच गळ्यात पडला. जिवंत माणसाला घालतात तसा.

केतकीचं कायम झाल्याचं पत्र पावसाळ्याच्या तोंडाला आलं. तिनं ते वाचलं, सरांकडं गेली, आणि परत देऊन आली. तोवर ती माझ्याशी धड बोलत नव्हती. त्या दिवशी बोलली.

"आज्जी, मी जाते. इथं राहिले तर पुढची तीस वर्षं लोकांना विचारत बसेन, काय करता. कोल्हापूरला जाऊन बघते एखाद्या पेपरात. घेतील का माहीत नाही."

"कायमची नोकरी सोडून?"

"हो."

"सर काय म्हणाले?"

"बरं, म्हणाले."

बॅग भरताना मी तिला पिशवीत शेंगा बांधून दिल्या. म्हणलं, "जा, पण मला एक सांगून जा. लोक विचारणार, केतकी काय करते. मी काय सांगू? पेपरची संपादक सांगू? का दिल्लीला गेली सांगू?"

"खरं सांग."

"खरं काय?"

"अजून काही नाही करत, म्हणून सांग."

आता नातीचा शब्द. एसटी लागली, ती गेली, मी हात हलवला आणि घराकडं वळले. कोपऱ्यावरच शेजारच्या इंदुमतीबाई भेटल्या. दारात रांगोळी काढत होत्या, हात तसाच.

"पद्माक्का, केतकी गेली वाटतं. काय करते आता?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुठं वळण न घेता, मीठमसाला न लावता सांगितलं. "अजून काही करत नाही."

इंदुमतीबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, रांगोळीचे हात पदराला पुसले, आणि माझ्या अगदी कानाशी आल्या.

"नका सांगू. आम्ही नाही विचारत," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही लपवताय म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं असणार."

दिवेलागणीला मी देवळात गेले, तोवर माझी नात सीबीआयमध्ये लागली होती.